'तसलं' वाचता का तुम्ही?

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत (कोथरूड, याहून जास्त सांगत नाही) दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बायकांचा वाचनकट्टा असतो. दहा-बारा जणी, पोहे नाहीतर उपमा, आणि ज्यांची पाळी असेल त्या दोघींनी सध्या काय वाचताय ते सांगायचं. या महिन्यात माझी पाळी होती. खरं सांगायचं तर गेल्या आठ महिन्यांत मी एकही छापील पुस्तक धड संपवलेलं नाही. रात्री अकराला ओटा पुसून झाला, मटार सोलून डब्यात गेले की मी फोन घेऊन बसते आणि फॅन फिक्शन वाचते. त्यातही स्लॅश.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: आपल्या आवडत्या मालिकेतली, पुस्तकातली पात्रं घेऊन वाचकांनीच लिहिलेल्या कथा म्हणजे फॅन फिक्शन. त्यातले दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात असतील तर ती स्लॅश. फुकट असतं, पैसे कुणी घेत नाही, आणि लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच.

तर मी प्रामाणिकपणे सांगितलं. होम्स आणि वॉटसन, एक लाख ऐंशी हजार शब्द. वॉटसन अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलाय, रात्री दचकून उठतो, आणि तो उठला की पलीकडच्या खोलीत होम्स काही न बोलता व्हायोलिन वाजवायला घेतो. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. मान वर केली तर सगळ्या जणी बशीतल्या पोह्यांकडे बघत होत्या. मग एक काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे... तसलं?"

मी म्हटलं, "नाही हो. म्हणजे हो, पण..." तेवढ्यात दुसरीने साने गुरुजी सुरू केले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: "कट्ट्यावर सर्वांनी सात्त्विक विषय निवडावेत ही नम्र विनंती 🙏". खाली नऊ अंगठे.

माझा प्रश्न असा. त्याच कट्ट्यावर एक जण गेली दोन वर्षं फक्त खुनाच्या कादंबऱ्यांवर बोलते. तिला कुणी विचारत नाही, तुझ्या मनात कुणाला मारायचंय का म्हणून. मग माझ्याकडेच असं का बघायचं? आणि त्याहून मोठा प्रश्न, वय वर्षं ३८, बँकेत नोकरी, दोन पोरं, तरी माझे कान लाल का झाले?

कर्वेरोडी

पहिला!

'सात्त्विक विषय' वाचून हसून हसून पुरेवाट. पुढच्या वेळी कांदा-लसूण न घातलेली कथा घेऊन जा.

अण्णा_नारायणपेठ

ताई, राग मानू नका, पण मी होम्स शाळेत असल्यापासून वाचतोय. मूळ लेखकाने ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या. त्यात हे कुठे आहे ते दाखवा. वॉटसनचं लग्न झालं होतं. दोन पुरुष भाड्याच्या घरात एकत्र राहिले की लगेच निष्कर्ष काढायचा? आम्ही सदाशिव पेठेत एका खोलीत चौघांनी राहून बी.कॉम. केलं.

ब्रह्मघोटाळा

अण्णा, मग पुढे काय झालं चौघांचं? (हलके घ्या.)

अण्णा_नारायणपेठ

एक वारला. एक अमेरिकेत, पत्ता नाही. गणू मिरजेला असतो, रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन येतो. अजूनही. यात हसण्यासारखं काय आहे?

सांजसकाळ

अण्णा, हसत नाहीये. पण तुम्ही आत्ता दोन ओळींत जे लिहिलंत ना, स्लॅश लिहिणारी बाई नेमकी तिथेच थांबते. इतकी वर्षं रोज सातला फोन. ती म्हणते, याला मैत्री म्हणा, काहीही म्हणा, पण एखाद्या बाईच्या वाट्याला असा फोन किती वेळा येतो? कुणी तिच्याशी 'भाजी काय आणू' सोडून रोज सातला बोलतं का? मग तो जिव्हाळा ती उचलते आणि त्याचं काय काय होऊ शकेल ते लिहून बघते.

आणि ही आजकालच्या पोरींची फॅशन नाही. स्टार ट्रेक ही अमेरिकी अंतराळ मालिका १९६६ ते ६९ चालली. तिच्या चाहत्या बायका घरी टाइप करून, प्रती काढून पोस्टाने एकमेकींना अंक पाठवायच्या. त्यातल्या एका अंकात १९७४ साली मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोघा पुरुषांची अशी पहिली कथा छापून आली. नावं न घेता, आडून आडून लिहिलेली. मग खूण ठरली: दोन नावांमध्ये 'आणि'चं चिन्ह असेल तर मैत्रीची गोष्ट, तिरकी रेघ असेल तर प्रेमाची. त्या तिरक्या रेघेला स्लॅश म्हणतात, म्हणून हे नाव. म्हणजे यातल्या पहिल्या पिढीच्या बायका आज आमच्या आज्ज्यांच्या वयाच्या आहेत.

जाता जाता, होम्सबद्दल. १९४१ साली रेक्स स्टाउट या रहस्यकथाकाराने न्यूयॉर्कमधल्या होम्सप्रेमींच्या मेळाव्यात उभं राहून 'वॉटसन ही बाई होती' असं मूळ कथांचे दाखले देत मांडलं होतं. मेळावा भारदस्त पुरुषांचा. तेव्हा त्याला विद्वत्तापूर्ण विनोद म्हणाले. बायका करतात तेव्हा 'तसलं'.

खोडकर_खारी

+१००. 'विद्वत्तापूर्ण विनोद' आणि 'तसलं' यांच्यातला फरक म्हणजे मिशी.

कर्वेरोडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणी खारे दाणे आणा.

मंजिरी_बावधन

मला पेरूताईंच्या कट्ट्याची गंमत वेगळ्या कारणाने वाटली. २०१२ साली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सगळीकडे वाचलं जात होतं, करड्या छटांचं. आमच्या ऑफिसात ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून सहा जणींमध्ये फिरलं. अप्पा बळवंत चौकातसुद्धा समोर रचून ठेवलेलं असायचं. ते मुळात फॅन फिक्शनच होतं, एका व्हँपायर प्रेमकथेवर इंटरनेटवर लिहिलेलं, नंतर नावं बदलून छापलं. त्यात बाईला बांधून ठेवतात. ते चाललं. इथे एक जण दुसऱ्यासाठी व्हायोलिन वाजवतोय, ते सात्त्विक नाही.

बाकी 'बायका का वाचतात' याचं माझं उत्तर सोपं आहे. त्या कथेत कुणीही कुणाला 'लग्नानंतर नोकरी सोडशील ना' असं विचारत नाही. दोघंही मिळवते, दोघंही हट्टी, कुणाच्याही आईला कुणाच्या पोळ्या मोजायच्या नाहीत. बाई नसलेली प्रेमकथा वाचताना बाईला जरा पाय पसरून बसता येतं. कणकेचा हात लागून माझ्या फोनचा अर्धा स्क्रीन पांढरा झालाय, पण चौतिसावं प्रकरण सोडवत नव्हतं.

पेरूची_फोड

@मंजिरी, कणकेचा हात अगदी अगदी! मी कोपराने स्क्रोल करते.

@अण्णा, मला मुळीच राग नाही आला. मूळ कथेत नाहीच आहे ते. आहे असं आमच्यातलंही फारसं कुणी म्हणत नाही.

तळ्यातमळ्यात

मी बाप्या आहे, गे आहे, पुण्यातच वाढलोय. दोन गोष्टी सांगतो. एकमेकींशी जुळत नाहीत, पण दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली. २००६ साल, मी सेकंड इयरला. लक्ष्मी रोडच्या मागे एक सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये, प्लायवुडच्या खोपट्यासारखे कप्पे, दाराला पडदा नाही. मी स्क्रीन तिरका करून बसायचो. तिथे काहीतरी भलतंच शोधताना कर्क/स्पॉकची एक कथा हाती लागली. त्यात जे व्हायचं ते होतंच, पण मला आठवतो तो शेवट. शेवटी दोघं जिवंत होते. एकाने दुसऱ्यासाठी सूप केलं होतं. तोवर आपल्यासारख्यांची जी गोष्ट मी पाहिली-वाचली होती तिच्यात कुणीतरी मरायचं, वेडं व्हायचं, नाहीतर दुसऱ्याचं लग्न लागताना मांडवाच्या कोपऱ्यात उभं असायचं. सूप हा प्रकार नवा होता. मी अजून एक तास वाढवून घेतला. कॅफेवाल्याने विचारलं, "प्रोजेक्ट का?" मी हो म्हटलं. त्या काळात आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने काढलं, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने परत लावलं, ६ सप्टेंबर २०१८ ला शेवटी गेलं. या सगळ्या येरझाऱ्यांत मला ज्यांनी सूप पाजलं त्या कुठल्यातरी परक्या देशातल्या अनोळखी बायका होत्या. उपकार विसरणार नाही.

दुसरी. माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, हेच सगळं वाचणारी. तिला माझ्याबद्दल कळल्यापासून ती माझ्या जोडीदाराचा फोटो बघून "अय्या, कित्ती क्यूट" करते. आमच्यात 'वरचष्मा' कुणाचा, हेही तिने कॅन्टीनमध्ये, हातात वडा धरून, विचारलं. आम्ही तिला आवडतो, पण शोभेच्या माशांसारखे. घरमालकाने अकरा महिन्यांचा करार वाढवून देताना "दोघं भाऊ का?" विचारलं, तेव्हा मात्र ती गप्प. २०२३ च्या ऑक्टोबरात समलिंगी लग्नाचा निकाल विरोधात गेला त्या दिवशी तिला त्याची खबरही नव्हती, तिच्या आवडत्या कथेचा नवा भाग आला होता.

पेरूताई, तुम्हाला बोलत नाहीये. पण 'आमच्याकडे वाईट नजरेने बघतात' हे ऐकताना मला जरा हसू येतं, एवढंच.

सांजसकाळ

@तळ्यातमळ्यात, सगळंच मान्य. फक्त एक भर: लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांमधल्या कितीतरी स्वतःच समलिंगी किंवा उभयलिंगी असतात. मी धरून. 'सरळमार्गी बायका आणि त्यांचा छंद' एवढं सोपं नाही ते. मलाही माझ्याबद्दल कळलं ते दोन पुरुषांची गोष्ट वाचतानाच. उलटं वाटेल, पण आरशात थेट बघायची हिंमत नसताना खिडकीच्या काचेत बघावं, तसं.

तळ्यातमळ्यात

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. थँक्स.

ब्रह्मघोटाळा

वडा धरून विचारला तो प्रश्न मात्र पुरस्कारयोग्य आहे.

गप्प_बसा

बायकांना एवढा मोकळा वेळ असतो हेच मुळात...

मंजिरी_बावधन

@गप्प_बसा, सदस्यनावाचा मान राखा.

आई_नं_१

मी जरा गंभीर होऊन विचारते. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. थाय आणि कोरियन मालिका बघते, त्यावरून असल्या कथांवर गेली. तिच्या टॅबवर मला दिसलं. मी ओरडले नाही, पण रात्रभर झोप नाही. दोन मुलगे प्रेमात आहेत याची मला भीती नाही, खरंच नाही. पण काही ठिकाणी जे लिहिलेलं होतं ते मी लग्नानंतर दहा वर्षांनी ऐकलं असेल. टॅब काढून घेऊ का?

वकिलीणबाई

आधी काढून घेऊ नका, आधी बघायला शिका. या कथांच्या इंटरनेटवरच्या मोठ्या संग्रहात, ज्याला सगळे एओ३ (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) म्हणतात, बहुतेक कथांच्या डोक्यावर दर्जा लिहिलेला असतो: सर्वांसाठी, तेरा-चौदा वर्षांपुढच्यांसाठी, प्रौढ, उघड वर्णन. शिवाय मारहाण, मृत्यू, बलात्कार यांच्या सूचना वेगळ्या. उघड वर्णनाची कथा उघडताना 'पुढे जायचंय का' असं विचारतात, पण वय कुणी तपासत नाही. तेव्हा चाळणी तुम्हीच लावायची, तिच्या शेजारी बसून. दर्जा कसा वाचायचा हे पोरीला कळलं तर मालिकांपेक्षा इथे ती जास्त सुरक्षित राहील. मालिकेत पुढच्या मिनिटाला काय येणार हे कुणी आधी सांगत नाही.

आता कायद्याचं, कारण कुणीतरी विचारेलच. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्या-पाठवण्याबद्दल आहे. प्रौढ माणसाने प्रौढ पात्रांची कथा घरात बसून वाचणं हा गुन्हा नाही. मात्र ६७-ब फार कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचं लैंगिक चित्रण करणारा मजकूर नुसता शोधला, उतरवून घेतला तरी त्यात येतो, आणि 'मजकूर' हा शब्द कलमात आहे, नुसती चित्रं नाहीत. शाळकरी पात्रांच्या नादाला लागू नये. कल्पनाच आहे, काय होतंय, हा युक्तिवाद करायला माझ्याकडे येऊ नका, मी वकीलपत्र घेणार नाही.

पेरूची_फोड

याबद्दल शंभर टक्के सहमत. माझा होम्स पन्नाशीचा आहे, गुडघे दुखतात त्याचे.

आई_नं_१

धन्यवाद, वकिलीणबाई. आज रात्री शेजारी बसून बघते. ती उठून जाईल बहुतेक.

खोडकर_खारी

कबुलीजबाब. मी क्रिकेटपटूंवरच्या वाचते. खऱ्या. दोन फलंदाज, एक धावबाद होतो, मग ड्रेसिंग रूममध्ये भांडण आणि... असो.

वकिलीणबाई

खऱ्या माणसांवरचं मला पटत नाही. होम्सला बायको-मुलं, अब्रू, आई नाही. त्या फलंदाजाला आहे.

खोडकर_खारी

पण तो खरा तो नसतोच ना. तो जाहिरातीतला तो असतो. चावी दिल्यासारखा दात घासणारा.

मंजिरी_बावधन

मग जाहिरात बघ. त्याने स्वतः कधीतरी हे वाचलं तर त्याला काय वाटेल, याचं उत्तर 'तो वाचणार नाही' हे नाही होऊ शकत. तुझ्यावर तुझ्या ऑफिसातल्या कुणी लिहिलं तर?

खोडकर_खारी

...बरं. याचं उत्तर नाही माझ्याकडे. तरी वाचते. आता शिव्या घाला.

तळ्यातमळ्यात

हे भांडण चीनमध्ये कुठवर गेलं ते माहीतच असेल. २०२० साली एका नटाच्या चाहत्यांना त्याच्यावर लिहिलेली एक कथा खटकली, त्यांनी सामूहिक तक्रारी केल्या आणि आठवडाभरात तिथे अख्खा एओ३ बंद झाला. त्याआधी २०१८ ला दोन पुरुषांची उघड वर्णनाची कादंबरी लिहून विकणाऱ्या एका बाईला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली होती. आणि मधल्या वर्षी, २०१९ ला, त्याच संग्रहाला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकाच गोष्टीला एकीकडे पुरस्कार, दुसरीकडे कुलूप. म्हणून खारे, तू वाच, मला पटत नसलं तरी, पण तक्रारीचा फॉर्म भरणाऱ्यांत मी नसेन.

गप्प_बसा

[प्रकाटाआ]

संपादक

वरचा प्रतिसाद काढला आहे. मतभेद चालतील, सदस्यांच्या घरच्या बायकांबद्दल टिप्पणी चालणार नाही. ही शेवटची सूचना.

पाठभेद

धागा उशिरा पाहिला. अण्णांचा मुद्दा 'मूळ कथेत नाही' हा आहे, म्हणून माझ्या गल्लीतलं सांगतो.

आपल्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. हजाराच्या वर हस्तलिखितं ताडून कुठला श्लोक जुना आणि कुठला मागाहून घुसवलेला हे ठरवलं. घुसवलेल्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: प्रक्षिप्त. आता प्रक्षिप्तात काय काय निघालं बघा. गणपतीने महाभारत लिहून घेतलं, तो प्रसंग प्रक्षिप्त. स्वयंवरात द्रौपदी 'मी सूताला वरणार नाही' म्हणते, तेही प्रक्षिप्त. म्हणजे आपल्या सगळ्यांना जे आधी आठवतं तेच चाहत्यांनी लिहिलेलं आहे! आणि अण्णा, यांनी लेखकाचं नावही खाली टाकलं नाही, बिनदिक्कत व्यासांच्या नावावर खपवलं. पेरूताईंच्या मैत्रिणी निदान 'पात्रं माझी नाहीत' असं वर लिहितात.

पुढे लोकपरंपरेत तर बहारच आहे. जांभूळ आख्यान ऐकलंय का? विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलं. त्यात पाच नवरे असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्ण येतो, आणि कृष्ण जांभळाच्या निमित्ताने ते तिच्याकडून वदवून घेतो. द्रौपदी, मध्ये तिरकी रेघ, कर्ण. व्यासांनी लिहिलेलं नाही. गोंधळी-वाघ्यामुरळीच्या या मातीत ते चाललं, लोकांनी डोक्यावर घेतलं.

आणि बायकांनी रात्री-पहाटे सगळे झोपले असताना आपल्यापुरती गोष्ट बदलून घेणं, हे तर पुणे जिल्ह्यालाच विचारा. मुळशी-मावळातल्या आणि इतरही भागांतल्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गोळा करवल्या, एक लाखाच्या वर आहेत. त्यांतली सीता रामाला जे सुनावते ते वाल्मीकीच्या सीतेला सुचलं नसतं. तेव्हा जातं होतं, आता फोन आहे.

अण्णा_नारायणपेठ

प्रक्षिप्त! हा शब्द आधी वापरला असता तर मी भांडलोच नसतो.

सांजसकाळ

वाचनखूण साठवली. पण पाठभेद, एक टोचणी. जांभूळ आख्यानातही शेवटी बाईचीच परीक्षा होते, कबुली तिनेच द्यायची. कर्णाला कुणी विचारलं नाही जांभूळ कुठलं ते.

पाठभेद

खरं आहे. निरुत्तर.

कर्वेरोडी

अवांतर: हे मराठीत कुणी लिहितं का? की सगळं इंग्रजीच?

मंजिरी_बावधन

मालिकांवरच्या नवरा-बायकोच्या कथा मराठीत ढिगाने आहेत. दोन पुरुषांच्या फारच कमी. मी लिहायचा प्रयत्न केला होता, होम्स-वॉटसनच, आणि तिसऱ्या पानावर अडकले. कारण नैतिक नाही, शब्दांचं. 'चुंबन' लिहिलं की नववीचं संस्कृत वाटतं. 'मुका' लिहिला की समोर बाळ येतं. 'किस' लिहिला की बटाट्याचा. अवयवांचं तर बोलूच नका, एकतर आयुर्वेद नाहीतर शिवी, मधलं काही आपल्याकडे ठेवलेलंच नाही.

पण एक गंमत सापडली. इंग्रजीत दोघंही 'ही', त्यामुळे कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर ते कळत नाही, लेखिका बिचाऱ्या 'उंच माणूस', 'डॉक्टर' असं काहीतरी लिहीत बसतात. आपल्याकडे 'हा' आणि 'तो' आहे. ह्याने त्याच्याकडे पाहिलं. झालं काम!

आणि दुसरं म्हणजे अहो-जाहो. माझे होम्स-वॉटसन सुरुवातीला एकमेकांना 'अहो डॉक्टर', 'अहो होम्स' करतात. मग एका रात्री वॉटसनला गोळी चाटून जाते आणि होम्सच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, "अरे, लागलं का तुला?" त्या एका 'अरे'नंतर मला पुढे काही लिहावंसंच वाटेना. सगळं झालेलं होतं.

खोडकर_खारी

मंजिरी!!! ती तीन पानं कुठे आहेत? आत्ता टाक.

तळ्यातमळ्यात

'अरे, लागलं का तुला.' ऑफिसात बसून वाचलं, उगाच वाचलं.

अण्णा_नारायणपेठ

मूळ कथेतही वॉटसनला गोळी चाटून जाते बरं का, आणि होम्सचे ओठ थरथरतात. 'तीन गॅरिडेब'च्या कथेत आहे. वॉटसन तिथे म्हणतो की त्या थंड मुखवट्यामागची माया बघायला मिळाली, त्यापुढे जखमेचं काहीच नाही. शाळेत असताना वाचलं तेव्हा मी ते वाक्य वहीत उतरवून गणूला दाखवलं होतं. म्हणजे मंजिरीताई, तुमचं ते पूर्ण प्रक्षिप्त नाही.

ब्रह्मघोटाळा

अण्णा आले हो आपल्यात.

अण्णा_नारायणपेठ

कुठेही आलेलो नाही. संदर्भ दिला.

कर्वेरोडी

स्लॅशला मराठी शब्द काढा रे कुणीतरी. तिरकथा? रेघकथा? तिरपी कादंबरी?

पाठभेद

'तिरकी' पुरे. "काय वाचतेस?" "तिरकी." पुण्यात कुणाला वेगळं वाटणार नाही, इथे सगळेच तिरके बोलतात.

सांजसकाळ

जपानी बायकांनी याहून भारी केलंय. तिथे असलं वाचणाऱ्या बाईला 'फुजोशी' म्हणतात, शब्दशः 'नासकी मुलगी'. 'स्त्री' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार तोच ठेवून एक अक्षर बदललं आणि 'नासकी' केलं. आणि त्या ते नाव हसत हसत स्वतःच लावून घेतात. कान लाल होण्यावर तोच उपाय दिसतो, पेरूताई.

आई_नं_१

अपडेट: उठून गेली नाही. दर्जा कसा बघायचा ते तिलाच मला शिकवावं लागलं, मला ती खूणच सापडत नव्हती. 'प्रौढ'च्या वरचं वाचत नाही म्हणाली. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय, साधारण ऐंशी टक्के.

वकिलीणबाई

ऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन.

आणि पेरूताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे यायचं तर, 'लाज का वाटली' याला पुण्या-मुंबईत इतिहास आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे, त्यात वाचक लैंगिक शंका विचारायचे, समलिंगी संबंधांबद्दलसुद्धा, आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरी हरले, दंड झाला. मला त्यातली नेहमी जाणवणारी गोष्ट म्हणजे खटला कर्व्यांवर झाला, पण प्रश्न विचारणारे घरोघरी होते, पत्र पोस्टात टाकून गप्प बसलेले. तुमच्या ग्रुपवरचे ते नऊ अंगठे. त्यांतल्या किती जणी रात्री अकरानंतर काय वाचतात, कुणी सांगावं.

पेरूची_फोड

महिन्याने धागा वर काढतेय, माफी.

काल कट्टा झाला. ज्यांची पाळी होती त्या आजारी, म्हणून ऐनवेळी मला म्हणाल्या, "तू काहीतरी सांग, पण जरा... हं?" मी पाठभेदांचं चोरून जांभूळ आख्यान सांगितलं. काय सांगू तुम्हाला. चाळीस मिनिटं भांडण. कर्ण की अर्जुन. शिरा गार झाला. खुनाच्या कादंबऱ्यावाली म्हणाली, द्रौपदीने मनात कुणाला आणलं तर कृष्णाला काय करायचंय. आणि 'तसलं' म्हणणाऱ्या काकू, त्या हातातली बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पाचांनी मिळून तिला पणाला लावली. कर्ण आठवणार नाही तर काय." मग एकदम गप्प झाल्या आणि पदर सारखा करत बसल्या. सांजसकाळचा मुद्दाही मी माझ्याच नावावर खपवला, प्रक्षिप्त.

पण एक कबूल करते. स्लॅश हा शब्द मी काढलाच नाही. तिरकीही नाही म्हटलं. निघताना एकीने विचारलंसुद्धा, "ते होम्सचं चालू आहे का अजून?" आणि मी म्हटलं, "छे हो, वेळ कुठे मिळतो." काल रात्री एकशेबारावं प्रकरण वाचलं.

तळ्यातमळ्यात

द्रौपदी/कर्ण चालणारच होतं, ताई. एकदा कर्ण/दुर्योधन सांगून बघा.

पेरूची_फोड

पुढच्या महिन्यात पोह्यांची पाळी माझ्याकडे आहे. आधी सगळ्यांचं खाऊन होऊ दे.